शिवारापलीकडची विद्या

विद्या दिल्यानें वाढते हें आपण मुलांना शिकवितों. पण धंद्याची गोष्ट निघाली कीं तीच विद्या कुलपांत ठेवतों. जुन्या वैद्याची मात्रा मुलाखेरीज कोणास ठाऊक नसे, आणि मुलगा नसला तर ती त्याच्याबरोबरच संपे. मोठमोठ्या कारखान्यांचेंहि पुष्कळ दिवस असेंच चाललें. २००३ सालीं हेन्री चेसब्रो या अमेरिकन प्राध्यापकांनीं निराळा विचार मांडला कीं, बाहेरचें ज्ञान घरांत घ्यावें व घरांत पडून राहिलेलें बाहेर जाऊं द्यावें, यांतच धंद्याचें हित आहे. यासच 'खुला नवोन्मेष' म्हणतात.

शिरूर-दौंडच्या ऊंस-बागायतदारांना हें तत्त्व मुळींच परकें वाटूं नये. महाराष्ट्रांत सर्वत्र पसरलेला 'को ८६०३२' हा वाण मूळचा कोइमतूरचा. १९३२ सालीं स्थापन झालेल्या पाडेगांवच्या संशोधन केंद्रानें त्याची पारख केली आणि तो 'नीरा' या नांवानें आपला झाला. अडचण एवढीच कीं, असें ज्ञान शेतापर्यंत पोंचावयास वर्षें लागत, आणि पोंचे तें सर्वांस सरसकट सांगितलेलें असे. घोड-भीमेच्या कांठची काळी जमीन व माळावरची मुरमाड जमीन, दोहोंस सल्ला एकच!

कृत्रिम बुद्धिमत्तेचें काम नेमकें येथें आहे. दौंडच्या शेजारीं बारामतीस ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्यानें २०२४ सालीं ऊंसशेतीचा असा प्रयोग हातीं घेतला. उपग्रहाचीं छायाचित्रें, हवामानाच्या नोंदी आणि जमिनींतील ओल मोजणारीं उपकरणें यांची माहिती एकत्र करून संगणक अनुमान काढतो. पाणी केव्हां द्यावें, खत कोठें कमी आहे, कीड कोठें संभवते, तें शेतकऱ्यास मोबाइलवर मराठींत कळतें. संगणकाची विद्या एकाकडे, शास्त्र दुसऱ्याकडे, मातीचा अनुभव तिसऱ्याकडे. या तिघांमधला दुभाषी म्हणजे हें यंत्र.

परंतु या व्यवहारांत शेतकरी केवळ घेणारा नसतो, तो देणाराहि असतो. लागवडीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, एकरी उतारा या त्याच्याच नोंदींवर यंत्र शहाणें होतें. २०२५ च्या जूनमध्यें महाराष्ट्र शासनानें शेतीसाठीं 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलें. तेव्हां अशा योजना उद्यां प्रत्येक गांवीं येतील असें धरून चालावें. सही करण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. माझ्या शेताची माहिती कोणाच्या मालकीची? ती आणखी कोणास दाखविली जाईल? योजना सोडल्यास ती मला परत मिळेल काय? आणि सल्ला चुकला तर नुकसान कोणीं सोसावयाचें?

एकत्र कुटुंबाचा उपयोग येथें होण्यासारखा आहे. शहरांत शिकलेल्या मुलांमुलींनीं सुटींत गांवीं गेल्यावर शेती पाहणाऱ्या काकांपुढें तो करारनामा वाचावा व कलमागणिक समजावून द्यावा. काकांनींहि पाऊसपाण्याची जुनी टिपणवही बाहेर काढावी. तिची किंमत शेजारच्या सावकारास कधीं कळली नाहीं, पण आज ती सातासमुद्रांपलीकडच्या कंपनीस कळते. दार अवश्य उघडावें. मात्र उंबरठा जागच्या जागीं असूं द्यावा.