घरची यंत्रे : जुन्या मोटारीचे बॉनेट

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास दोन प्रश्न हमखास विचारले जातात : सुटे भाग कोठे मिळतात, आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री कोण? या दोहोंच्याही आधीचा एक प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो असा की, यंत्रापर्यंत आपला स्वतःचा हात पोहोचतो काय? ज्या यंत्राचे झाकण घरच्या माणसाला सहज उघडता येते, त्याची लहानसहान निगा वेळच्या वेळी होते. आणि जेथे लहान निगा होते, तेथे मोठ्या दुरुस्तीचा प्रसंग लांबणीवर पडतो.

दक्षिण दिल्लीतील मुनिरका या वस्तीचेच उदाहरण घ्या. एकीकडे जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्या, दुसरीकडे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका, आणि शेजारी सरकारी नोकरांच्या वसाहतींचे रामकृष्णपुरम. अशा ठिकाणी गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. तेथे बॉनेट उघडावयाचे म्हणजे आधी पुढच्या बाजूस माणूस उभा राहील एवढी जागा हवी. म्हणून रविवारी सकाळी, शेजाऱ्यांची अनुमती घेऊन, गाडी मोकळ्या व सपाट जागी आणावी. उतारावर तेलाची पातळी चुकीची दिसते आणि गाडी घसरण्याचेही भय असते. हाताचा ब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि यंत्र पुरते निवू द्यावे. गरम रेडिएटरचे टोपण उघडणे म्हणजे दाबाखालील उकळते पाणी अंगावर घेणे होय.

आता बॉनेट. बहुतेक जुन्या गाड्यांत चालकाच्या पायाजवळची मूठ ओढली की आतील तारेने कडी सुटते. मग पुढून फटीत बोटे घालून दुसरा खटका दाबावा लागतो. धावत्या गाडीचे बॉनेट वाऱ्याने उडू नये यासाठी ही दुहेरी योजना असते. वर्षानुवर्षे तेल न मिळाल्याने तार गंजते आणि मूठ ओढूनही कडी हलत नाही. अशा वेळी जोर करू नये. एकाने कडीच्या नेमक्या वर बॉनेट तळहाताने खाली दाबून धरावे आणि दुसऱ्याने मूठ हळूच ओढावी. कडीवरचा ताण कमी झाल्याने ती बहुधा सुटते. तार मुठीजवळ तुटली असेल, तर तिचे उरलेले टोक पकडीने धरून ओढता येते. उघडल्यावर कडीला व बिजागऱ्यांना ग्रीस आणि तारेला तेल द्यावयास विसरू नये. या दोन मिनिटांच्या कामाने पुढील कित्येक महिन्यांची कटकट वाचते. बॉनेटचा टेकू त्याच्या खोबणीत पक्का बसल्याची खात्री करूनच डोके आत घालावे.

आपल्याकडील जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली पाहिले, तर पूर्वीच्या रचनाकारांनी हातासाठी किती जागा राखली होती ते ध्यानात येते. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे मे २०१४ पर्यंत तयार होत असलेली अ‍ॅम्बॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५९ नंतर अनेक वर्षे तिला मिळालेले १,४८९ घनसेंटिमीटरचे यंत्र लांबीच्या दिशेने बसविलेले असे. त्याच्या एका बाजूस कार्बुरेटर व धूर नेणाऱ्या नळ्या, तर दुसऱ्या बाजूस प्लग व डिस्ट्रिब्यूटर. त्यामुळे प्लग काढताना तापलेल्या नळ्यांच्या आड हात घालावा लागत नाही. झडपांवरील झाकणही दोन नट सोडले की उचलता येते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी हिचे यंत्र त्याहून लहान, १,०८९ घनसेंटिमीटरचे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ही गाडी दीर्घकाळ वापरली, त्याला तिच्या साध्या, सुगम रचनेचा मोठा आधार होता.

घरच्या घरी काय करावे? प्रथम बॅटरीची, गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार सोडावी. मग पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. मात्र काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत सांगाड्याला धन टोक जोडलेले असे, हे पाहून घ्यावे. तेल, पाणी आणि ब्रेकचे तेल यांची पातळी तपासावी. पंख्याच्या पट्ट्याला चिरा पडल्या आहेत काय, तो बोटाने दाबता सुमारे अर्धा इंच लवतो काय, हे पाहावे. रबरी नळ्या हाताने चेपून पाहाव्यात. प्लगवर कोरडी काजळी असेल, तर पेट्रोलचे मिश्रण प्रमाणाबाहेर जाड आहे असे समजावे. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांचे अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. अ‍ॅम्बॅसेडरच्या त्या यंत्रात ते सुमारे ०.४ मिलिमीटर असते.

गाडीखाली जाण्याचे काम मात्र वेगळे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही कधीही शिरू नये. भक्कम लोखंडी घोड्यांवर ती टेकवूनच शिरावे. यंत्र चालू करून पाहावयाचे ते उघड्यावर, बंद गॅरेजमध्ये नव्हे; धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दिल्लीत या निगेला आणखी एक अर्थ आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांवर आणि २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध घातले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०२५ मध्ये त्या न्यायालयापुढे हा प्रश्न पुन्हा आला. म्हणून गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी आज कोणता आदेश लागू आहे, हे परिवहन खात्याकडून समजून घेणे श्रेयस्कर. हवा सर्वांची आहे, आणि काळा धूर सोडणाऱ्या गाडीचे कौतुक शेजाऱ्याने का करावे?

दुसरीकडे, केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, बिगर व्यापारी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. यातील मुख्य अट लक्षणीय आहे : गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाडा, बाह्य कवच किंवा यंत्र यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

या अटीचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. दुर्लक्षाने जळालेले यंत्र काढून त्या जागी भलतेच यंत्र बसविले, तर गाडी चालेल. पण तिचा वारसा संपला. पट्टा, पाणी, तेल आणि प्लग यांच्याकडे दर महिन्यास अर्धा तास लक्ष दिले, तर मूळ यंत्र टिकते, धूर कमी होतो आणि पन्नाशी गाठलेल्या गाडीला कायद्याचेही दार उघडे राहते. घरातील मुलामुलींना या वेळी जवळ बोलवावे. मूठ ओढावयास दुसरा माणूस लागतोच. आणि ठिणगी कोठे पडते, पाणी कोठून फिरते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल यंत्राला घाबरत नाही.