पाय काढला तरी गाडी पळते तेव्हा



आपल्या समाजात ड्रायव्हर नाही असे घर आता शोधावे लागेल. कोणाचा मुलगा रिक्षा चालवतो, कोणाचा जावई कंपनीच्या बसवर आहे, कोणी शेठच्या टेम्पोवर महिन्याच्या पगाराने आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तेव्हा कित्येक संसार या स्टिअरिंगनेच तारले. गिरणीत विणाई खात्याचे दार आपल्याला बंद असे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या ओठांचा विटाळ इतरांना चालत नसे. गाडीला विटाळ होत नाही हे खरे. पण गाडी बिघडली की दोष मात्र आधी ड्रायव्हरच्याच माथी बसतो.

असाच एक बिघाड म्हणजे रेसचे पेडल अडकणे. पाय उचलला तरी गाडी जोर धरूनच राहते. कारणे साधी असतात. रेसची केबल आतून गंजते किंवा तिचे तार एकेक करून तुटतात आणि ती नळीत घासते. पेडल मागे ओढणारी स्प्रिंग ढिली होते. खाली चिखल, पोत्यातले धान्य, सुतळी साचते. किंवा पायाखालचे रबरी मॅट पुढे सरकून पेडलवर चढते. हे शेवटचे कारण क्षुल्लक वाटते, पण त्यानेच जगाला हादरवले आहे. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ हायवे पोलिसातला एक अधिकारी आपली पत्नी, मुलगी आणि मेहुणा यांच्यासह लेक्सस गाडीतून चालला होता. स्वतःची गाडी दुरुस्तीला दिल्यामुळे शोरूमने तात्पुरती दिलेली ही गाडी होती. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलचे मॅट टाकलेले होते आणि ते पेडलमध्ये अडकले. चौघेही गेले. गाडी हाकण्याचेच शिक्षण घेतलेला माणूस, पण चालू गाडीत बटणाचे इंजिन बंद करायचे तर बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावे लागते, ही गोष्ट परक्या गाडीत कोण सांगणार? त्याआधी ती गाडी नेलेल्या एका ग्राहकाने मॅटची तक्रार त्याच शोरूमला तोंडी सांगितली होती, असे पुढे तपासात निघाले. टोयोटा कंपनीने नंतर लाखो गाड्या परत बोलावल्या आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर भरले.

आता असे झाले तर काय करावे, ते नीट समजून घ्या आणि घरातल्या ड्रायव्हरला आज रात्री जेवताना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तोडायचा. क्लच पूर्ण दाबा आणि गिअर न्यूट्रलला आणा. इंजिन जोराने ओरडेल, ओरडू द्या. त्या आवाजाला घाबरून पुष्कळ जण पुन्हा क्लच सोडतात आणि गाडी उसळते. शेठचे इंजिन जळेल ही काळजी त्या घडीला करायची नाही, इंजिन बाजारात मिळते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दांडा 'एन'वर आणावा.

त्याच वेळी ब्रेक एकदाच, घट्ट आणि सलग दाबून धरावा. वारंवार सोडून दाबू नये. याचे कारण असे की, ब्रेकला मदत करणारा जो बूस्टर असतो तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. पेट्रोल गाडीत रेस पूर्ण उघडी राहिली की ती ओढ जवळजवळ संपते, साठलेल्या ओढीवर दोन-तीनदाच ब्रेक हलका लागतो आणि मग पेडल दगडासारखे होते. म्हणून पहिलाच दाब वाया घालवायचा नाही. पेडल दाबण्यासाठी सीटला पाठ टेकवून अंगाचा जोर लावला तरी चालेल.

गाडी डाव्या बाजूला घेऊन पूर्ण थांबवा, हँडब्रेक लावा आणि मग चावी बंद करा. धावत्या गाडीत घाईने चावी फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होते आणि गाडी जिथे तोंड असेल तिथे जाते. गिअर निघतच नसेल, तर चावी एकच घर मागे घ्यावी, काढू नये. स्टिअरिंग जड होईल, ब्रेकही जड होईल, पण जोर तुटेल. वाकून हाताने पेडल उचलायला जाऊ नये. डोळे रस्त्यावरच हवेत. बुटाच्या टोकाने पेडल मागून उचलता आले तर एकदा पाहावे, नाही तर नाद सोडावा.

रिक्षावाल्या भावांची रेस उजव्या मुठीत असते. मूठ परत फिरली नाही तर डाव्या हाताचा क्लच दाबून धरा, सोडू नका, आणि पायाने ब्रेक लावा. बिनगिअरच्या स्कूटरला क्लच नसतो, तेव्हा चावी बंद करून दोन्ही ब्रेक दाबावेत. गाडी थांबल्यावर केबलला तेल घालून तशीच पुढे दामटू नये, हे तर सांगायलाच नको.

घाटाचे वेगळे सांगतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ती खोड जीवघेणी आहे, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि तो तापून जातो. पण रेस अडकली तर घाटातही न्यूट्रल हाच मार्ग, फक्त ब्रेक लगेच आणि पूर्ण थांबेपर्यंत दाबायचा. हळूहळू उतरू असे म्हणायचे नाही.

आणखी एक. कधी पेडल अडकलेलेच नसते, पाय चुकीच्या पेडलवर असतो, आणि माणूस ब्रेक समजून अधिकच दाबत जातो. दाबल्यावर गाडी वाढत असेल तर पाय पूर्ण वर उचला. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बेस्टसाठी भाड्याने घेतलेली इलेक्ट्रिक बस माणसांवर गेली. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवेल. पण ड्रायव्हर कंत्राटदाराचा होता, आणि क्लच नसलेल्या बसचे शिक्षण त्याला किती दिले होते हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. कंत्राट देणाऱ्यांच्या दारात तो प्रश्न अजून उभा आहे.

आमच्या वस्तीतल्या एका तरुणाचे सांगतो. एका व्यापाऱ्याच्या टेम्पोवर तो होता. केबल अडखळते हे त्याने शेठला तीनदा सांगितले. "तेल टाक आणि चालव," एवढेच उत्तर. एके सकाळी पुलाच्या उतारावर रेस अडकली. पोराने न्यूट्रल टाकून गाडी आवरली, पुढच्या मोटारीला थोडी ठोकर बसली, माणूस कोणी दुखावला नाही. शेठने भरपाई त्याच्या पगारातून कापायला काढली. आम्ही विहारातले चौघे गेलो तेव्हा शेठ शांतपणे म्हणाला, "मला कोणी काही सांगितलेच नव्हते." कागद नव्हता, आम्ही काय दाखवणार? पुष्कळ वाद करून निम्मी रक्कम सोडवून घेतली. निम्मी त्याने भरलीच, दोष नसताना.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १९० पाहा. धोकादायक बिघाड असलेली गाडी चालवणाराच नव्हे, ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही त्यात गुन्हेगार ठरतो. बिघाड त्याला ठाऊक असला, किंवा साध्या काळजीने कळण्यासारखा असला, तरी पुरे. दंड १५०० रुपये, आणि त्या बिघाडाने अपघात होऊन इजा किंवा नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. मात्र हे कलम दुधारी आहे. माहीत असून गाडी काढली तर ड्रायव्हरही त्यात येतो. आणि माणूस दगावला तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, निष्काळजीपणासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी ती दोन वर्षांपर्यंत होती.

तेव्हा बिघाड दिसला की शेठला लिहून द्या. दोन ओळी पुरतात: गाडीचा नंबर, तारीख, काय बिघडले, दुरुस्तीशिवाय चालवणे धोक्याचे आहे. मोबाईलवर निरोप पाठवला तरी तो राहतो, पुसू नका. लिहायला संकोच वाटत असेल तर विहारात या, आम्ही लिहून देऊ. नोकरी जाईल ही भीती मला कळते. एकेकट्याने लिहिण्यापेक्षा त्या मालकाकडच्या सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून लिहिले तर ती कमी होते.

चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला किंवा २० मार्चला महाडला जाण्यासाठी आपण वर्गणी काढून जीप ठरवतो. बायकामुले, म्हातारी माणसे भरलेली असतात. गाडी ठरवणाऱ्याने निघण्याआधी इंजिन बंद ठेवून रेसचे पेडल हाताने पूर्ण दाबून सोडावे. ते खटकन वर आले पाहिजे. रेंगाळत आले तर गाडी घ्यायची नाही. सुटी मॅट काढून टाकावी. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कोणी ठेवू नये, ती घरंगळून ब्रेकखाली गेली तर ब्रेकच दबत नाही. शेजारी बसणाऱ्याने वेळ आलीच तर स्टिअरिंगला हात न लावता "न्यूट्रल" एवढेच मोठ्याने म्हणावे. आणि जीपवाल्याला इसार थोडाच द्यावा, उरलेले पैसे गाडी पाहून झाल्यावर.