दारातलं गटार
माउली, इंद्रायणी फेसाळली की आपण कारखान्यांना बोल लावतो. लावावाच. पण दारासमोरचं पावसाळी गटार कुठं जातं, पाहिलंत कधी? ते पाणी शुद्ध होत नाही. थेट ओढ्याला, नदीला मिळतं. गाडी धुतल्याचा साबण, दिंडीच्या ट्रकचं रस्त्यावर ओतलेलं जळकं ऑइल, गुटख्याच्या पुड्या (हो, माळकऱ्यांच्या गल्लीतसुद्धा!) पहिल्या सरीबरोबर निघतात. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. गाडी मातीवर, नुसत्या पाण्यानं धुवा. ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. अंगण झाडताना कचरा गटारात लोटू नका, उचला. एवढंही होत नसेल, तर चंद्रभागेत उतरताना नाक कशाला मुरडायचं?