बागकामाची पुस्तके का पडून राहतात?

बागकामाची पुस्तके खपत नाहीत, अशी आपल्या पुस्तकविक्रेत्या व नर्सरीवाल्या बांधवांची तक्रार असते. गिऱ्हाइकाला दोष देण्यापूर्वी आपण दुकानात काय मांडले आहे, ते पाहावे.

रंगीत फोटोंना भुलून पुस्तक घेणारा पुन्हा येत नाही. जाणकार गिऱ्हाईक प्रथम पाहते, ते पुस्तक कोणत्या हवेचे आहे. इंग्लंडच्या पुस्तकात गुलाबाची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगितलेली असते. आपल्याकडे ती पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करतात. देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते, कोकणातली जांभ्याची माती धरत नाही. मग दोन्हीकडे एकच सल्ला कसा चालेल? एकोणिसाव्या शतकात फर्मिंजर यांनी आपल्या बागकामाच्या पुस्तकाच्या नावातच बंगाल व उत्तर भारत हा प्रदेश सांगून टाकला होता.

त्यानंतर महिनावार कामे, रोगट पानांची चित्रे, झाडांची मराठी नावे आणि मागची सूची पाहिली जाते. शेवटी बांधणी. हे पुस्तक मातीच्या, ओल्या हातांनी उघडले जाते. नुसती चिकटवलेली पाने लवकर सुटतात, दोऱ्याने शिवलेले पुस्तक टिकते. आपल्या बाइंडर कारागिरांनी याकडे लक्ष द्यावे.

आमचे मत असे की, दहा देखण्या परदेशी पुस्तकांपेक्षा आपल्या भागाची दोन ठेवावीत. पुस्तक इथल्या हवेचे नसेल, तर विकण्यापूर्वीच तसे सांगावे. एक विक्री जाईल, पण गिऱ्हाईक राहील.