गळ्यांतली ढाल

रोग घरांत येतो तो एकटा येत नाहीं. आपला शब्दकोश बरोबर घेऊन येतो. औषधाची गोळी पाण्याबरोबर गिळतां येते, परंतु तपासणीच्या कागदावरील शब्द ज्याचे त्यानेंच चघळावे लागतात. प्रस्तुत लेखकाची थायरॉइड ग्रंथि कांहीं वर्षांपासून मंद चालते. धातु आणि विभक्ति शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास अशा वेळीं दुसरा विरंगुळा तो कोणता असणार? शब्द भेटला कीं त्याचें कुलगोत्र विचारावें, आणि त्यांत हंसण्याजोगें कांहीं निघाल्यास घरच्या मंडळींस वाटून टाकावें, असा आमचा क्रम आहे.

'थायरॉइड' हा शब्द मूळचा ग्रीक; अर्थ, ढालीसारखा. टॉमस व्हॉर्टन या इंग्रज वैद्यानें १६५६ सालीं या ग्रंथीस तें नांव दिलें. आपल्या परिभाषाकारांनीं तिला 'अवटु' म्हटलें. अमरकोश उघडून पाहावा, तर अवटु म्हणजे मानेचा मागचा भाग! ग्रंथि आहे कंठाच्या पुढें, नांव आहे मानेच्या मागचें. बिऱ्हाड ओसरीवर आणि पाटी परसदारीं, असा हा प्रकार झाला.

ढालीनें वार झेलावे. पण हाशिमोटो नांवाच्या विकारांत शरीराचेंच सैन्य या ढालीवर तुटून पडतें. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनीं १९१२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आमच्या नातवंडांनीं तें नांव ऐकतांच 'हंशा मोठा' असें त्याचें मराठीकरण केलें, आणि त्या थोर संशोधकाची मनोमन क्षमा मागून आम्हीहि तेंच रूढ होऊं दिलें.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशीं बसलेली दुसरी एक ग्रंथि हुकमत चालविते. तिचें 'पिट्युइटरी' हें नांव लॅटिनमधील कफवाचक शब्दावरून पडलें; कारण मेंदूंतला कफ तिच्या वाटेनें नाकांत उतरतो, अशी जुन्या शारीरज्ञांची समजूत होती. मराठी पुस्तकें तिलाच पीयूषिका म्हणतात. तिकडचा कफ इकडे येतांच अमृत झाला! भाषांतरांत असा लाभ क्वचितच होतो.

ही पीयूषिका जो द्रव रक्तांत सोडते, तोच कागदावरचा टी. एस. एच. त्याचा आंकडा वाढला म्हणजे ग्रंथि जोमानें चालली आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति बहुधा उलट असते. विद्यार्थी जितका मंद, तितका मास्तरांचा आवाज चढतो. त्यानें गृहपाठ करण्यास आरंभ केला कीं मास्तर आपोआप खालच्या पट्टींत बोलूं लागतात.

हा गृहपाठ बाहेरून करून देणारी गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. यांतील 'लेव्हो' म्हणजे डावा. डाव्या हातानें तीर्थ घेणें आमच्या घरांत निषिद्ध. पण हें डावें तीर्थ मात्र रोज सकाळीं अनशापोटीं, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावें लागतें, आणि चहास पुढें अर्धा ते एक तास तिष्ठत ठेवावें लागतें. ५० मायक्रोग्रॅमची मात्रा म्हणजे एका ग्रॅमचा २०,००० वा भाग. मनुष्याची ऊब, उत्साह आणि स्मरण एवढ्याशा कणावर अवलंबून असावें, हें पाहून अहंकार थोडा उतरतो.

परंतु सगळेच शब्द हंसण्यासारखे नसतात. जन्मतः या द्रवाच्या अभावीं ज्यांची वाढ आणि बुद्धि खुंटली, त्यांस आल्प्सच्या खोऱ्यांतील लोक 'क्रेटिन' म्हणत. या शब्दाचें मूळ 'ख्रिस्ती' या अर्थाच्या शब्दांत आहे, असें व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे, हेंहि आपल्यासारखेंच देवाचें लेंकरूं, हा त्यांतला भाव. पुढें तीच शिवी झाली.

माणसाच्या दुखण्याची शिवी कशी होते, हें पाहावयास आल्प्सपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत पुष्कळ अधिक आढळतो. सूनबाईंस सकाळीं उठवेना, त्यांना थंडी अधिक वाजूं लागली, अंग जड झालें, चार गोष्टी विसरूं लागल्या, कीं घरांत शब्द तयारच असतात: सुस्त, आळशी, वेंधळी. याच लक्षणांमागें रोग असूं शकतो, आणि तो रक्ताच्या साध्या तपासणीनें ओळखतां येतो. गर्भवतीच्या बाबतींत हेळसांड झाल्यास ती बालकासहि भोंवते. नवजात अर्भकांतील उणीव मात्र पहिल्या कांहीं आठवड्यांत ओळखून औषध सुरू केलें, तर त्याची बुद्धि वांचते. ज्या दुखण्यानें एके काळीं शिवी दिली, त्यावर आज एक लहानशी गोळी पुरते. ती देण्यापुरतें लक्ष मात्र घरच्यांनीं ठेवावयास हवें.

तेव्हां वाचकहो, घरांत कोणी असें मंदावलेलें दिसल्यास उपदेशाची मात्रा देण्यापूर्वीं डॉक्टरांची गांठ घ्यावी, आणि एकदां सुरू झालेली गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. रोगाच्या नांवास हवें तितकें हंसावें. रोग्यास मात्र नांवें ठेवूं नयेत.