कुजलेल्या पुलाची गोष्ट

पॅरिसपासून पाऊणशे किलोमीटरवर जिव्हर्नी नावाचं गाव आहे. तिथली क्लोद मोने या चित्रकाराची बाग पाहायला पनवेलचा माणूस गेला, तर नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही. मोने १८८३ मध्ये तिथं राहायला आला आणि १९२६ मध्ये वारेपर्यंत तिथंच राहिला. त्याने तळं खोदून वॉटरलिली लावायचं ठरवलं, तेव्हा या परदेशी झाडांनी ओढ्याचं पाणी नासेल म्हणून गावकऱ्यांनी हरकत घेतली होती. आपल्या गावकीला साजेशीच ही गोष्ट! पण पर्यटक ज्या जपानी धाटणीच्या पुलावर फोटो काढतात, तो मोनेच्या वेळचा नाही. मुलगा मिशेल १९६६ मध्ये गेला आणि मालमत्ता फ्रान्सच्या ललित कला अकादमीकडे आली, पण खरी दुरुस्ती सुरू व्हायला आणखी दशकभर लागलं. तोवर पूल कुजला होता आणि मोठ्या स्टुडिओत झाडं उगवली होती. जेराल्ड व्हॅन देर केंप यांनी काम अंगावर घेतलं, बराच पैसा अमेरिकन देणगीदारांनी दिला आणि १९८० मध्ये बाग लोकांसाठी उघडली. म्हणजे आपण तिकीट काढून पाहतो ती मोनेच्या प्रतिभेइतकीच नंतरच्या माणसांच्या चिकाटीची बाग असते.

हे ध्यानात घेतलं की पनवेलकराच्या स्वतःच्या जिल्ह्यातलं सासवणे वेगळं दिसू लागतं. अलिबाग तालुक्यातल्या या गावी शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) जन्मले. पोरवयात त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनीच या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. पुढे १९२८ मध्ये पुण्यात महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो याच हातांचा. त्यांच्या सासवण्याच्या घरात आणि अंगणात आज शिल्पालय आहे.

यावर कुणी म्हणेल, मोनेची बाग हीच त्याची कलाकृती, इथं तर नुसतं राहतं घर. फरक खरा आहे. पण करमरकरांनी आसपासची माणसं आणि जनावरं घडवली. ती शिल्पं पाहून फाटकाबाहेर पडावं, तर तोच मुलूख समोर असतो. हे सुख दिल्ली-मुंबईच्या संग्रहालयात मिळायचं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: गर्दी वाढली तर अशी लहान जागा पार विस्कटेल. जिव्हर्नीनं त्यावर साधा उपाय केलाय. हिवाळ्यात फाटक बंद असतं, त्या महिन्यांत माळी बाग पुन्हा उभी करतात, आणि तिकिटाचा पैसा देखभालीला लागतो. कोकणात हा विसावा पावसाळ्याला देता येईल. खाऱ्या, दमट हवेत प्लास्टर आणि सिमेंटची शिल्पं फार काळ तग धरत नाहीत. त्यांची निगा फक्त एखाद्या घराण्याच्या निष्ठेवर सोडणं अन्यायाचं आहे. सरकारनं ताबा घ्यावा, असा याचा अर्थ नाही. ठेव, विश्वस्त आणि जाणकार डागडुजी करणारा माणूस एवढी सोय झाली तरी पुरे. पनवेलहून पेण-वडखळमार्गे किहीमच्या समुद्रावर निघालेल्या गाड्या सासवण्याच्या जवळच तर येतात. त्यातल्या काही फाटकाशी थांबल्या आणि तिकीट घेतलं, तर त्या ठेवीतले पहिले पैसे तिथूनच जमतील.