इंजिन बदललं, मग गिअरबॉक्स का गेला?

घरच्या गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन बदलणं हा अमेरिकेत जुना छंद. आता त्याचे रील्स आपल्याही फोनवर येतात: इंजिन साखळीला लटकतंय, पुढच्या शॉटमध्ये गाडी स्टार्ट! ऑटोमॅटिक गाडीत गडबड होते ती नेमकी या दोन शॉट्सच्या मधे.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेला हा जड डबा इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देतो आणि बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा ऑइल पंपही फिरवतो. म्हणून इंजिन जोडण्याआधी तो हाताने फिरवत, ढकलत पंपात पूर्ण बसवावा लागतो. अर्धवट बसला, तर इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये फट राहते. मग बोल्ट आवळून ती मिटवायचा मोह होतो, आणि तिथेच पंप फुटतो. इंजिन सुरू होतं, पण तेलाचा दाब नाही, त्यामुळे गाडी जागची हलत नाही.

नियम सोपा आहे. दोन्ही भाग हाताने एकमेकांना टेकले पाहिजेत, बोल्टने ओढायचे नाहीत. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरतो का, ते बघा. तो इंजिनच्या फ्लेक्सप्लेटपासून काही मिलिमीटर मागे असायला हवा. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.

आणि आपल्याकडे? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे. मनाला येईल ते इंजिन बसवता येत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे बदल आरटीओत नोंदवावाच लागतो. रीलमध्ये हेही दिसत नाही.